वॉकीटॉकीच्या पोटात: एकाच डबीत आरोळी आणि कुजबुज

बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. वापरणाऱ्यापुरती वॉकीटॉकीची गोष्ट एवढीच. पण सेटचे स्क्रू काढून मागचं झाकण उघडलं की प्रश्न पडतो, एवढ्याशा डबीत हे दोन उद्योग एकमेकांचा जीव न घेता राहतात कसे?

आकडेच बघा. बटण दाबलेलं असताना हातातला चांगला सेट अँटेनात साधारण ५ वॅट शक्ती ढकलत असतो. बटण सोडल्यावर त्याच अँटेनातून आलेला ०.२ मायक्रोव्होल्टचा सिग्नलसुद्धा त्याला ऐकू यायला हवा असतो. अँटेनाच्या नेहमीच्या ५० ओहम रोधाच्या हिशेबाने या सिग्नलची शक्ती काढायची तर एका वॅटचे एक लाख कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा हजार भाग करा. त्यातला एक भागसुद्धा या सिग्नलपेक्षा मोठा भरेल. आरोळी कुजबुजीच्या किती पट, हे लिहायला सहाच्या पुढे पंधरा शून्यं लागतात. आणि दोघींना अँटेना एक, बॅटरी एक, बऱ्याचदा फ्रिक्वेन्सीही एकच.

मी पहिल्यांदा सेट उघडला तेव्हा आतला प्रत्येक भाग सिग्नल ‘पकडण्यासाठी’ किंवा ‘वाढवण्यासाठी’ असेल अशी माझी समजूत होती. सर्किटचा नकाशा समोर ठेवून एकेक भाग ओळखत गेलो आणि ती समजूत मोडली. सिग्नल वाढवणं हे त्यातलं सोपं काम. खरी मेहनत नको ते आत येऊ नये आणि नको ते बाहेर जाऊ नये यासाठी चाललेली असते. सेटमधला राखणदारांचा फौजफाटा मोजला तर कामकऱ्यांपेक्षा तो जास्त भरतो.

पुढचं सगळं समजून घेण्यासाठी एक ठरावीक सेट डोळ्यांसमोर ठेवू. जुन्या पद्धतीचा, साधा एफएम सेट, ४५० मेगाहर्ट्झवर लावलेला.

अँटेना, थोडक्यात

तीनशेला मेगाहर्ट्झने भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. ४५० मेगाहर्ट्झला ती ६७ सेंटिमीटर येते. अँटेना तिच्या पाव भागाची, म्हणजे साधारण १७ सेंटिमीटरची असली की काम नीट होतं. १५० मेगाहर्ट्झच्या सेटला हाच हिशेब अर्ध्या मीटरवर जातो, आणि एवढी काठी कमरेला लावून कोण फिरणार? म्हणून रबरी आवरणाच्या आत तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. त्यात काही शक्ती वाया जाते, ती आखूडपणाची किंमत. एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांना माहीत नसते: वर दिसते ती अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी म्हणजे सेटचा धातूचा सांगाडा आणि तो धरणारा तुमचा हात.

एका म्यानात दोन तलवारी

अँटेनातून आत शिरलं की लगेच एक फाटा लागतो. एक वाट ट्रान्समीटरकडून येते, दुसरी रिसीव्हरकडे जाते. ५ वॅटमधला अगदी थोडा अंश जरी चुकून रिसीव्हरच्या वाटेला लागला, तरी तिथला नाजूक ट्रान्झिस्टर जळून जाईल. म्हणून फाट्यावर सांधेबदल हवा. साधा रिले चालला असता, पण तो जागा खातो, बॅटरी खातो आणि झिजतो. त्याऐवजी दोन पिन डायोड बसवतात.

पिन डायोडचा स्वभाव मजेशीर आहे. त्यातून थोडा डीसी प्रवाह सोडला की रेडिओ सिग्नलला तो जवळजवळ सरळ तारेसारखा वाटतो. प्रवाह काढून घेतला की तीच वाट बंद. आपल्या फाट्यावर पहिला डायोड ट्रान्समीटर आणि अँटेनाच्या मध्ये असतो. दुसरा रिसीव्हरच्या तोंडाशी, सिग्नल आणि ग्राउंड (सर्किटचा समाईक शून्य व्होल्टचा भाग) यांच्यामध्ये. बटण दाबलं की काही मिलिअँपिअरचा एकच प्रवाह दोन्ही डायोडमधून वाहतो. पहिला ट्रान्समीटरची वाट उघडतो, दुसरा रिसीव्हरचं तोंड थेट ग्राउंडला दाबून धरतो.

इथे चाणाक्ष वाचक विचारेल: रिसीव्हरची वाट ग्राउंडला जोडली तर अँटेनाकडे निघालेली शक्तीही तिथूनच ग्राउंडमध्ये जाणार नाही का? जाईल, पण मध्ये पाव तरंगलांबीची तार टाकली असेल तर नाही. ग्राउंडला टेकलेल्या टोकावर लाट आपटते आणि उलटी होऊन परत फिरते. जाताना पाव तरंग, येताना पाव तरंग, म्हणजे अर्धा तरंग उशीर; अर्ध्या तरंगाचा उशीर म्हणजे पुन्हा एकदा उलटं होणं. दोनदा उलटी झालेली लाट सुलटी होऊन फाट्यावर पोचते आणि तिथल्या लाटेच्या पावलाला पाऊल लावून उभी राहते. परिणाम असा, की फाट्यावरून बघताना ती वाट ग्राउंडला जोडलेली दिसतच नाही, तुटलेली दिसते. शक्ती निमूटपणे अँटेनात जाते. प्रत्यक्षात १७ सेंटिमीटरची तार कोंबायला जागा नसते म्हणून तेच सोंग एक छोटी कॉइल आणि दोन कपॅसिटर वठवतात.

या सर्किटचं मला सगळ्यात कौतुक वाटतं ते यासाठी, की ऐकताना त्याला काहीच वीज लागत नाही. आणि वॉकीटॉकी दिवसाचा बहुतेक वेळ ऐकतच असते.

ऐकण्याची बाजू

डायोडच्या पलीकडे पहिला राखणदार भेटतो तो बँडपास फिल्टर. कॉइल आणि कपॅसिटरच्या काही जोड्या, आपल्या पट्ट्याबाहेरचं सगळं अडवायला. एफएम प्रसारण, टीव्ही, मोबाइलचे टॉवर, हे सगळे अँटेनात एकाच वेळी कल्ला करत असतात. त्यातलं बरंचसं इथे गळतं. मग कमी गोंगाटाचा एक ट्रान्झिस्टर सिग्नल थोडा मोठा करतो, आणि लगेच पुन्हा एक फिल्टर.

आता खरी अडचण येते. शेजारचा चॅनेल आपल्यापासून फक्त १२.५ किलोहर्ट्झवर असतो. ४५० मेगाहर्ट्झच्या तुलनेत हे अंतर जेमतेम ०.००३ टक्के. इतकी बारीक चाळणी या फ्रिक्वेन्सीवर, तीही चॅनेल बदलला की जागा बदलणारी, कॉइल-कपॅसिटरने बनवता येत नाही.

यावरचा तोडगा एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकी अभियंत्याने १९१८ मध्ये काढला, आणि शंभर वर्षांनंतरही रेडिओ त्याच वाटेने चालतात. चाळणी सिग्नलपर्यंत नेता येत नसेल तर सिग्नलला चाळणीपर्यंत आणायचं! चाळणी एकाच जागी पक्की बसवायची, आणि हवा तो चॅनेल खाली उतरवून तिच्यासमोर उभा करायचा.

उतरवण्याचं काम मिक्सर करतो. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या की त्यांच्या फरकाइतकी आंदोलनं ऐकू येतात, हे गाणाऱ्यांना माहीत आहे. मिक्सरमध्ये प्रकार त्याच जातीचा, पण एक पायरी पुढचा. तिथे दोन सिग्नलांचा गुणाकार होतो आणि त्यांच्या फरकाची व बेरजेची अशा दोन नव्या फ्रिक्वेन्सी खरोखरच जन्माला येतात. अँटेनाकडून ४५०, सेटच्या स्वतःच्या ऑसिलेटरकडून, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या सर्किटकडून, ४०४.९. फरक ४५.१ मेगाहर्ट्झ. बेरीज ८५४.९, तिचं आपल्याला काम नाही. आवाजाने भरलेला सगळा सिग्नल जसाच्या तसा, फक्त खालच्या मजल्यावर.

४५.१ हाच आकडा का? थेट आणखी खाली, ४५५ किलोहर्ट्झवर का उतरू नये? तिथल्या चाळण्या तर स्वस्त आणि धारदार मिळतात.

कारण आहे मिक्सरचा भाबडेपणा. त्याला फक्त फरक कळतो, कोण वर आणि कोण खाली हे कळत नाही. ऑसिलेटर ४०४.९ वर असताना ४५० चा सिग्नल जसा ४५.१ देतो, तसाच ३५९.८ वरचा परका सिग्नलही ४५.१ च देतो. अशा साध्या मिक्सरमधून एकदा दोघे खाली उतरले की त्यांना वेगळं करण्याचा कुठलाही उपाय नाही. या तोतयाला प्रतिमा फ्रिक्वेन्सी म्हणतात, आणि त्याला मिक्सरच्या आधीच अडवावं लागतं. ते काम पहिल्या दोन फिल्टरांचं. तोतया ९०.२ मेगाहर्ट्झ लांब असेल तर त्यांना ते सहज जमतं. पण थेट ४५५ किलोहर्ट्झवर उतरायचं ठरवलं असतं तर ऑसिलेटर ४४९.५४५ वर आणि तोतया ४४९.०९ वर, म्हणजे खऱ्या सिग्नलपासून ०.९१ मेगाहर्ट्झवर येऊन बसला असता. दारावरच्या राखणदाराला इतक्या जवळचे दोन चेहरे वेगळे ओळखता येत नाहीत.

म्हणून दोन पायऱ्या. ४५.१ वर क्वार्ट्झ क्रिस्टलचा फिल्टर असतो, बोर्डावर चपट्या धातूच्या डबीसारखा दिसणारा. क्वार्ट्झचा तुकडा आपल्या एका ठरावीक फ्रिक्वेन्सीलाच थरथरतो, त्यामुळे चाळणी कमालीची अरुंद होते. मग ४४.६४५ मेगाहर्ट्झच्या एका स्थिर क्रिस्टलशी दुसऱ्यांदा मिसळणं, आणि सिग्नल ४५५ किलोहर्ट्झवर. इथेही तोतया आहेच, ०.९१ मेगाहर्ट्झ खाली. पण क्रिस्टल फिल्टरच्या दृष्टीने हे अंतर म्हणजे पार दुसरं गाव.

दोन पायऱ्यांचा आणखी एक फायदा आहे, तो चटकन ध्यानात येत नाही. ०.२ मायक्रोव्होल्ट दहा लाख पट वाढवला तरी ०.२ व्होल्टच होतो. एवढी सगळी वाढ एकाच फ्रिक्वेन्सीवर केली तर शेवटच्या ट्रान्झिस्टरमधून पाझरलेला कणभर सिग्नल पहिल्यापर्यंत पोचतो, पुन्हा वाढतो, आणि सर्किट कर्ण्यासमोर माइक धरल्यासारखं शिट्टी मारू लागतं. तीच वाढ तीन वेगळ्या मजल्यांवर वाटून दिली की वरच्या मजल्याला खालचा पाझर ओळखूच येत नाही.

४५५ वर सिरॅमिक फिल्टरची शेवटची चाळण होते. आता आपला चॅनेल एकटा उरला. त्यातून आवाज काढायचा.

एफएममध्ये बोलणं सिग्नलच्या उंचीत नसतं, फ्रिक्वेन्सीच्या हलण्यात असतं. मग उंचीचं करायचं काय? सरळ छाटून टाकायची. लिमिटर सिग्नलला इतकं वाढवतो की त्याचे माथे सपाट होतात. विजेच्या कडकडाटाने किंवा इंजिनाच्या ठिणगीने उंचीवर जो ओरखडा काढलेला असतो तोही माथ्याबरोबर जातो. एफएम स्वच्छ ऐकू येतं त्यामागे या छाटणीचा मोठा हात आहे. तिचा एक दुष्परिणामही आहे: एकाच चॅनेलवर दोघे बोलले तर जोरदार सिग्नल दुबळ्याला पुरता गिळून टाकतो, आणि दुसरा कुणी बोलत होता याचा पत्ताही लागत नाही. विमानांचे रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर आजही जुन्या एएम पद्धतीनेच (बोलणं सिग्नलच्या उंचीत भरणाऱ्या) चालतात, त्याचं हे एक कारण. एएमवर दोघे एकदम बोलले तर चिरका आवाज येतो आणि निदान कळतं की काहीतरी हुकलं.

पुढचा भाग डिस्क्रिमिनेटर. तो एकाच सिग्नलच्या दोन प्रती करतो. एक प्रत सरळ जाते, दुसरी ४५५ किलोहर्ट्झला लावलेल्या कॉइलमधून, पाव आवर्तन मागे पडून. दोघींचा पुन्हा गुणाकार. फ्रिक्वेन्सी बरोबर ४५५ असेल तर सरासरी शून्य येते. ती जरा वर सरकली की कॉइल प्रतीला थोडं जास्त मागे पाडते, खाली सरकली की थोडं कमी, आणि सरासरी तेवढीच एका बाजूला झुकते. ते झुकणं म्हणजेच पलीकडच्या माणसाचा आवाज. हे काम ४५५ वरच करण्यात शहाणपण आहे. आवाजामुळे फ्रिक्वेन्सी २.५ किलोहर्ट्झ हलते. ४५५ च्या मानाने हे अर्ध्या टक्क्याहून जास्त आहे. ४५.१ मेगाहर्ट्झच्या मानाने ते ०.००५५ टक्के झालं असतं, आणि इतकं बारीक हलणं साध्या कॉइलला जाणवलंच नसतं.

चॅनेलवर कुणी नसताना स्पीकर गप्प ठेवणाऱ्या सर्किटला स्क्वेल्च म्हणतात. त्याच्याबद्दल एक गैरसमज आहे. लोकांना वाटतं, स्क्वेल्च आवाजाची वाट बघतो आणि आवाज आला की स्पीकर सुरू करतो. खरं तर तो कान लावून असतो खरखरीकडे. चॅनेलवर कुणीच नसलं की लिमिटर रिकाम्या हवेतला गोंगाटच पूर्ण उंचीपर्यंत फुगवतो, म्हणून स्क्वेल्च उघडा ठेवला की कान किटतील अशी खर्रर्र येते. कॅरिअर, म्हणजे आवाज वाहून नेणारा मूळ रेडिओ सिग्नल, आला की ती दबते, अगदी पलीकडचा माणूस अजून काही बोललेला नसला तरी. स्क्वेल्चचं सर्किट बोलण्याच्या पट्ट्याच्या वरची खरखर वेगळी काढून मोजतं. खरखर आहे, म्हणजे कुणी नाही, स्पीकर बंद. खरखर थांबली, म्हणजे कुणीतरी आलं, स्पीकर चालू.

षड्ज धरून ठेवणारा

वर मी ४०४.९ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर सहज बोलून गेलो. तो आकडा नेमका कसा मिळतो, ही सेटमधली सगळ्यात देखणी गोष्ट आहे.

पूर्वी त्यासाठी क्रिस्टलच लागायचा, आणि एक क्रिस्टल म्हणजे एक फ्रिक्वेन्सी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या हातात असलेला एससीआर-५३६ हा सेट ५ व्हॉल्व्हवर चालायचा आणि एकाच चॅनेलवर बोलायचा. चॅनेल बदलायचा तर सेट उघडून क्रिस्टल बदलावे लागत. पुढच्या काळातल्या सेटमध्ये प्रत्येक चॅनेलसाठी क्रिस्टलची जोडी असे, एक ऐकायला आणि एक बोलायला.

आज हे काम करतो पीएलएल, म्हणजे फेज-लॉक्ड लूप. त्याच्या मुळाशी व्हीसीओ नावाचा ऑसिलेटर असतो, ज्याची फ्रिक्वेन्सी व्होल्टेजने बदलते. त्यातल्या वॅरॅक्टर डायोडला उलटं व्होल्टेज जास्त दिलं की त्याची कपॅसिटी कमी होते आणि सूर चढतो. पण हा ऑसिलेटर स्वभावाने चंचल. ऊन लागलं की सरकतो, बॅटरी उतरली की सरकतो. त्याच्या शेजारी १२.८ मेगाहर्ट्झचा एक शिस्तीचा क्रिस्टल ऑसिलेटर असतो, तापमानाची भरपाई करणारा, दहा लाखांत अडीच भागांपेक्षा जास्त न चुकणारा. चंचलाला या शिस्तीच्या ताब्यात कसं द्यायचं?

दोघांना भागून एका आकड्यावर आणायचं. १२.८ मेगाहर्ट्झला १०२४ ने भागलं की बरोबर १२.५ किलोहर्ट्झ येतात. बोलताना व्हीसीओला ४५० वर ठेवायचं असेल तर त्याला ३६,००० ने भागायचं, तेही १२.५ किलोहर्ट्झ. आता हे दोन १२.५ एकमेकांशी ताडून बघणारं एक सर्किट बसवायचं. व्हीसीओचा ठोका मागे पडला की ते व्होल्टेज जरा वाढवतं, पुढे धावला की कमी करतं. दोन्ही ठोके जुळले की व्हीसीओ ४५० मेगाहर्ट्झवर खिळला. पुढचा चॅनेल हवा? भाजक ३६,००१ करा, ठोके पुन्हा जुळेपर्यंत व्हीसीओ आपोआप ४५०.०१२५ वर जाऊन बसतो. ऐकण्यासाठी भाजक ३२,३९२ करा, की ४०४.९. चॅनेलचं बटण फिरवताना आत फक्त एक आकडा बदलत असतो. बऱ्याच सेटमध्ये ऐकायला आणि बोलायला दोन वेगळे व्हीसीओ असतात, कारण एकाने एवढी मोठी उडी नेटकेपणाने मारणं अवघड.

दहा लाखांत अडीच भाग म्हणजे ४५० मेगाहर्ट्झवर ११२५ हर्ट्झ. १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनेलमध्ये एवढी चूक खपून जाते. व्हीसीओ मात्र बोर्डावर धातूच्या डबीखाली डांबलेला आढळेल, आणि जुन्या सेटमध्ये त्याच्या कॉइलवर मेण ओतलेलं असतं. कारण वेटोळी केसभर जरी थरथरली तरी फ्रिक्वेन्सी थरथरते, आणि सेटवर टिचकी मारली तर ती टिचकी पलीकडच्या माणसाला ऐकू जाते.

बोलण्याची बाजू

माइकमधला आवाज आधी वाढवला जातो, त्यातले वरचे सूर मुद्दाम उचलले जातात (कारण खरखर वरच्या सुरांत जास्त असते, ऐकणारा सेट ते परत खाली बसवतो आणि त्याबरोबर खरखरही खाली बसते). मग पुन्हा राखणदार. एक लिमिटर, जो आवाजाची उंची एका मर्यादेपलीकडे जाऊ देत नाही, आणि ३ किलोहर्ट्झच्या वरचं कापणारा फिल्टर. आवाजाच्या उंचीवर ठरतं की फ्रिक्वेन्सी किती हलणार. ती २.५ किलोहर्ट्झच्या पुढे गेली तर शेजारच्या चॅनेलवर आपली गर्दी होईल. २.५ आणि ३ ची बेरीज करून दुप्पट केली की ११ किलोहर्ट्झ होतात, म्हणजे १२.५ च्या घरात मावलो. वॉकीटॉकीत ओरडून उपयोग होत नाही, तो याच लिमिटरमुळे. ओरडणं छाटलं जातं, आणि पलीकडे फक्त फाटका आवाज पोचतो.

हा राखलेला आवाज व्हीसीओच्या वॅरॅक्टरला दिला की फ्रिक्वेन्सी आवाजाबरोबर हलू लागते. झालं एफएम. पण थांबा. व्हीसीओ हलला की त्याला जागेवर आणणं हेच तर पीएलएलचं काम! आपण सूर हलवायचा आणि त्याने तो लगेच सरळ करायचा, मग बोलणं बाहेर पडणार कसं? उत्तर असं, की पीएलएलला मुद्दाम संथ ठेवलेलं असतं. ३०० हर्ट्झच्या वरचा आवाज इतक्या चपळाईने हलतो की त्याला दुरुस्ती करायला सवडच मिळत नाही. अडचण येते ती टोनची. एकाच चॅनेलवर वेगवेगळे गट असतात तेव्हा प्रत्येक गट बोलण्याखाली ६७ ते २५४ हर्ट्झमधला एक मंद टोन सतत पाठवतो, आणि तोच टोन ऐकू आला तरच त्या गटाचे सेट तोंड उघडतात. (यामुळे संभाषण गुप्त होत नाही, हे जाताजाता. टोनची अट काढून टाकली की कुणीही सगळं ऐकू शकतो.) इतका संथ टोन पीएलएलच्या तावडीत अलगद सापडतो आणि पुसला जातो. म्हणून तो टोन एकाच वेळी दोन ठिकाणी देतात, व्हीसीओला आणि १२.८ मेगाहर्ट्झच्या मापाच्या ऑसिलेटरलाही. मोजमाप करणारी पट्टीच त्याच तालात हलली, की पीएलएलला काही चुकलेलं दिसतच नाही.

व्हीसीओकडून येणारे काही मिलिवॅट दोन-तीन पायऱ्यांत ५ वॅटपर्यंत चढतात. एफएमची उंची बदलत नसल्याने शेवटच्या ट्रान्झिस्टरला दयामाया न दाखवता पूर्ण ताणून चालवता येतं, त्यात वीज कमी वाया जाते. तरी साधारण निम्मी उष्णतेत जातेच. ७.४ व्होल्टच्या बॅटरीवर त्या टप्प्यात १.३ अँपिअरच्या वर ओढ बसते. सेटची पाठ गरम होते ती यामुळे. मागचा ओतीव सांगाडा म्हणजेच त्याचा हीटसिंक.

ताणून चालवण्याची किंमत म्हणजे ४५० बरोबर ९०० आणि १३५० मेगाहर्ट्झची पिलावळही तयार होते. ती बाहेर पडली तर दुसऱ्याच कुणाच्या पट्ट्यात गोंधळ. म्हणून अँटेनाच्या तोंडाशी शेवटचा फिल्टर, उघड्या तारेच्या दोन-तीन-चार वेढ्यांच्या छोट्या कॉइलींचा. त्या वाकड्यातिकड्या दिसल्या म्हणून सरळ करायला जाऊ नका. वेढ्यांमधलं अंतरही हिशेबात धरलेलं असतं.

अँटेना न लावता बटण दाबू नये हे सगळे सांगतात. मीही ऐकलं होतं. तरी एकदा दुरुस्तीच्या नादात, फक्त लाल दिवा लागतो का ते बघायला म्हणून बटण दाबलं आणि बोलत बसलो. जायला वाट नसलेली शक्ती परत फिरते आणि शेवटच्या ट्रान्झिस्टरवरच उतरते. आता बऱ्याच सेटमध्ये त्याचा प्रवाह मोजून शक्ती आवरणारं सर्किट असतं. माझ्या त्या सेटमध्ये नव्हतं. दिवा मात्र छान लागत होता.

चिपमध्ये काय मावलं, काय नाही

आजच्या बऱ्याच स्वस्त सेटमध्ये वर सांगितलेल्या प्रवासाचा मोठा भाग एका नखाएवढ्या चिपमध्ये घडतो. आरडीए १८४६ ही त्यातली एक गाजलेली चिप. तिथे सिग्नल जवळजवळ थेट तळमजल्यावर उतरवतात आणि पुढची चाळण, डिस्क्रिमिनेटर, टोनची ओळख, सगळं आकडेमोडीने होतं. तोतयाला ओळखायला सिग्नलच्या पाव आवर्तन पुढेमागे असलेल्या दोन प्रती घेतात. त्या दोघींच्या क्रमावरून वरचा कोण आणि खालचा कोण ते कळतं. क्रिस्टल फिल्टर गेला, सिरॅमिक गेला, सेट हलका आणि स्वस्त झाला. मात्र चाळण आता फार उशिरा होते. शेजारी दणकट ट्रान्समीटर असला तर तो गोंगाट बराच आतपर्यंत येतो, आणि असा सेट मोकळ्या माळावर छान ऐकतो पण गर्दीच्या लहरींत बहिरा होतो.

डिजिटल सेटमध्ये हवेतून जातात ते आकडे. डीएमआर पद्धतीत आवाज आधी प्रोसेसर पिळून लहान करतो, मग फ्रिक्वेन्सीच्या चार ठरलेल्या पायऱ्यांवर उड्या मारत तो पाठवला जातो, आणि १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच चॅनेलवर ३० मिलिसेकंदांच्या पाळ्या लावून दोन संभाषणं चालतात. रेडिओचं पुढचं तोंड मात्र तेच. पिन डायोड, तारेच्या वेढ्यांचा फिल्टर आणि ५ वॅटचा ट्रान्झिस्टर चिपच्या बाहेरच राहिले आहेत. तेवढी शक्ती आणि तेवढ्या कॉइली नखाएवढ्या जागेत मावत नाहीत.

बटण दाबताना आणि सोडताना

बटण दाबल्यावर लगेच बोललात तर पहिला शब्द हरवतो. पीएलएलला नव्या आकड्यावर स्थिरावायला काही मिलिसेकंद लागतात, तोवर प्रोसेसर शक्ती सोडतच नाही. पलीकडचा सेट बॅटरी वाचवण्यासाठी मधूनमधून डुलकी काढत असतो, त्याने जागं व्हायला हवं. मग त्याने टोन ओळखायला हवा, आणि संथ टोनची काही आवर्तनं मोजल्याशिवाय तो ओळखता येत नाही. म्हणून बटण दाबून श्वासभर थांबायचं.

सोडतानाही एक गंमत आहे. कॅरिअर अचानक गेला की स्क्वेल्चला ते कळेपर्यंत ऐकणाऱ्याच्या कानात खर्रकन एक शेपूट वाजतं. टोन वापरणाऱ्या चांगल्या सेटमध्ये यावर उपाय असतो. तुम्ही बोट उचललं तरी सेट लगेच गप्प होत नाही. दीड-दोनशे मिलिसेकंद तो कॅरिअर चालू ठेवतो आणि फक्त टोनची लाट उलटी करतो. पलीकडच्या सेटमधलं टोन ओळखणारं सर्किट त्या उलट्या लाटेने झटकन थांबतं, स्पीकर मिटतो, आणि मगच कॅरिअर जातो. खर्र होते, पण मिटलेल्या स्पीकरमागे. मग इकडे डायोडमधला प्रवाह तुटतो, भाजक ३२,३९२ होतो, ऑसिलेटर ४०४.९ वर उतरतो, आणि सेट पुन्हा खरखर ऐकत बसतो.